खोलीत आपल्या बाजूने कोण?

गेल्या महिन्यात पुतण्याचा हिंजवडीहून फोन आला. एचआरने दुपारी बोलावून घेतलं, दार लावलं आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. राजीनाम्याचा मेल आधीच टाइप केलेला होता. आज स्वतःहून दिलास तर रिलिव्हिंग लेटर नीट मिळेल, नाहीतर काढून टाकल्याची नोंद होईल, असं सांगितलं. वीस मिनिटांत त्याने मेल पाठवून टाकला. मी विचारलं, तुझ्या बाजूने कोण होतं खोलीत? म्हणाला, "कोणीच नाही काका."

शाळेच्या ग्रुपवर मी हे लिहिलं आणि आयटीतही युनियन हवी असं म्हटलं. लगेच उत्तर आलं: "लालबागचा असून असं म्हणतोस? गिरण्यांचं काय झालं विसरलास?"

विसरलेलो नाही. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर डबा तसाच घरी परत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आईने आधी पितळेची भांडी विकली, मग मंगळसूत्रातले मणी. त्या संपाने आमचं घर मोडलं, हे मला कोणी शिकवायला नको.

पण संप कशासाठी होता हेही सांगायला हवं. पगार, बोनस आणि बदलीवाल्यांना कायम करणं या मागण्या होत्याच. त्यांच्या जोडीला एक मागणी होती, ती आज कोणाला आठवत नाही: १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. त्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिला होता. कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले, जवळपास अडीच लाख माणसं बाहेर पडली, तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी दुसराच होता. आपलं म्हणणं कोणी मांडायचं हे कामगारांना ठरवू दिलं नाही, म्हणून ती लढाई इतकी लांबली आणि इतकी चिघळली, असं माझं ठाम मत आहे. आपण मात्र त्यातून धडा घेतला तो ‘युनियन नको’ असा.

मी सोळा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. इथे किमान ५ कायम कामगार असलेल्या आस्थापनेत कामगारांना कंपनीपुढे आपली बाजू मांडणारं मंडळ निवडता येतं. त्याला बेट्रीब्सराट म्हणतात. दर ४ वर्षांनी गुप्त मतदान होतं, आणि मत द्यायला जर्मन नागरिक असावं लागत नाही. युनियन वेगळी. मी ईगे मेटाल या धातू उद्योगातल्या युनियनचा सभासद आहे, पगाराचा १ टक्का वर्गणी जाते. ती वर्गणी कधी जड वाटली नाही.

काही वर्षांपूर्वी आमचा विभाग बंद करायचं ठरलं, तेव्हा मलाही असंच एका खोलीत बोलावलं. टेबलावर परस्परसंमतीने नोकरी सोडण्याचा करार होता, शेजारी उघडं पेन. फरक इतकाच की माझ्या शेजारी मंडळाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आज इथे कोणी सही करणार नाही." बाहेर आल्यावर समजावून सांगितलं: सही केलीस तर बेकारभत्ता १२ आठवडे अडू शकतो, आणि मंडळाला विचारल्याशिवाय कंपनीने काढलं तर ते काढणंच बेकायदा ठरतं. महिन्याभराने मला दुसऱ्या विभागात काम मिळालं.

सगळ्यांना मिळालं नाही. इथेही बहुसंख्य कामगार युनियनमध्ये नाहीत, लहान कंपन्यांत सहसा मंडळं नसतात, आणि माझे कितीतरी भारतीय सहकारी व्हिसाच्या भीतीने मतदानालाही जात नाहीत. नोकऱ्याही जातात. फोक्सवागेनमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये जो समझोता झाला त्यात २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करायचं ठरलं. पण सक्तीने कोणाला काढायचं नाही हेही त्यातच ठरलं, आणि त्यासाठी कामगारांनी पगारवाढीवर पाणी सोडलं. दोन्ही बाजूंनी टेबलाला बसून केलेला तो सौदा होता.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कपातीसाठी सरकारची परवानगी घ्यायची अट आता कारखान्यात ३०० कामगार असतील तरच; पूर्वी ती १०० ला होती. संपाआधी १४ दिवसांची नोटीस. संपावर बंधन मला खटकत नाही. जर्मनीतही करार चालू असताना त्यातल्या विषयांवर संप करता येत नाही. खटकतं ते हे, की इथे जर्मनीत बंधनाच्या बदल्यात कामगाराला खोलीत हक्काची खुर्ची आहे. पुतण्याला ती नव्हती.

काल त्याचा पुन्हा फोन आला. त्याच्यासारखेच राजीनामे घेतलेले आणि अजून कामावर असलेले असे काही जण रविवारी भेटतायत. युनियनच्या नोंदणी अर्जाला किमान ७ सह्या लागतात, असं मी त्याला सांगितलं. सध्या चौघं तयार आहेत.