दिसेल त्याला ७७७ मारणाऱ्यांनो, माझ्या सर्व्हरला हात लावू नका

सुडो मेलं. सुडो म्हणजे लिनक्सवर साध्या युजरला रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने कमांड चालवू देणारा प्रोग्राम. चालत्या सर्व्हरवरचं सुडो सॉफ्टवेअर कंपनीच्या एका माणसाने भरदिवसा मारलं, तेही लेबल प्रिंटर चालू करायच्या नावाखाली. आणि संध्याकाळी वर मेल आला, "क्लायंटच्या सर्व्हरमध्ये परमिशन इश्यू आहे."

परमिशन इश्यू! या दोन शब्दांचा मला आता इतका राग येतो की फोनवर कोणी उच्चारले तरी हात थरथरतात. इश्यू नव्हता. तुम्ही केलात. व्यवस्थित, एकेक पायरी चढत केलात.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आहे. पॅकिंगचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं, सर्व्हर सांभाळायचा मी. प्रोग्रामला पोर्ट ८०, म्हणजे वेबचं नेहमीचं दार, लागतं आणि १०२४ च्या खालचं पोर्ट साध्या युजरला मिळत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांचा हेका की रूटनेच चालवा. मी चालवला नाही. वेगळा युजर केला, सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या युनिट फाइलमध्ये ॲम्बियंट कॅपॅबिलिटी, म्हणजे रूटच्या हक्कांचा एक सुटा तुकडा, दिली, तीही फक्त पोर्ट बांधण्यापुरती. खाली नो न्यू प्रिव्हिलेजेसची ओळ घातली, म्हणजे प्रोग्रामला पुढे वाढीव हक्क मिळवता येणार नाहीत. त्यांच्या लायब्ऱ्या भलत्याच फोल्डरात असतात, त्यासाठी एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लायब्ऱ्या शोधायचा पत्ता, लावला. दिवाळीपासून एकही तक्रार नव्हती.

मग त्यांचं अपडेट आलं. प्रिंटरची क्यू अडकली की ती सोडवायचं बटण त्यात दिलंय. आणि ते बटण दाबलं की प्रोग्राम आतून सुडो मारून अख्खी प्रिंट सर्व्हिस रीस्टार्ट करतो. वेब प्रोग्रामच्या पोटात सुडो! हे लिहिताना कोणाचीच मान खाली गेली नाही?

अर्थातच ते चाललं नाही. सुडोने स्पष्ट सांगितलं की नो न्यू प्रिव्हिलेजेस लावलेलं आहे, म्हणून मला रूट होता येत नाही. इतका सरळ एरर आयुष्यात क्वचित मिळतो. कारण दिलंय, नाव दिलंय. मालकांचा मला फोन, "सर, कंपनीच्या त्या पोराला फुल ॲक्सेस देऊन टाका की, गाडी दारात उभी आहे, माल चढायचाय." मालकांवर माझा राग नाही, त्यांना गाडी दिसते. मी त्या पोराला सुडोचा हक्क दिला आणि बजावलं, फक्त प्रिंटर बघ, बाकी कशाला हात लावू नको.

त्याने पहिलं काम काय केलं? एररमध्ये जिचं नाव आलं ती ओळच उडवली. दारावर कुलूप दिसलं म्हणून दार उखडून टाकायचं, ही त्याची समज. तरी सुडो चालेना, कारण प्रोग्रामच्या युजरला सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडो वापरू शकणाऱ्यांच्या यादीत, जागाच नाही आणि ती मी मुद्दाम दिलेली नाही. मग साहेबांनी प्रोग्रामची फाइल रूटच्या मालकीची केली आणि तिच्यावर परवानग्या बदलायची कमांड, सीएचमॉड ४७५५, मारलं. सेटयूआयडी रूट, म्हणजे कोणीही चालवलं तरी रूटच्या हक्काने चालणार. नेटवर्कवर कान लावून बसलेल्या प्रोग्रामला!

आता पुढचं नीट वाचा, कारण माझा खरा संताप इथे आहे. प्रोग्रामला कोणते हक्क मिळणार हे एक्झेकच्या, म्हणजे तो चालू व्हायच्या, त्या एका क्षणात ठरतं. फाइल कोणाची आहे, तिच्यावर सेटयूआयडी बिट आहे का, ती नोसूइड माउंटवर, म्हणजे हा बिट न मानणाऱ्या डिस्कवर, आहे का, हाक मारणाऱ्या प्रोसेसवर नो न्यू प्रिव्हिलेजेस आहे का, तिला कोणी ट्रेस करतंय का, हे सगळं पाहून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्या प्रोसेसची ओळख बनवतो. माझी ओळ जागेवर असती तर कर्नलने त्या ४७५५ कडे ढुंकूनही पाहिलं नसतं. प्रोग्राम पूर्वीसारखाच उठला असता. २०१२ साली लिनक्स ३.५ मध्ये हे नेमकं अशा प्रसंगांसाठीच आणलं. ओळ गेली आणि कर्नलने बिट मानला. मी दिलेली ॲम्बियंट कॅपॅबिलिटी पुसली गेली, कारण सेटयूआयडीने युजर बदलला की तो संच रिकामा होतो. खरा युजर एक आणि प्रभावी युजर रूट असं झालं की कर्नल लोडरला, म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ऱ्या मेमरीत चढवणाऱ्याला, खूण करतो, हा प्रोग्राम सुरक्षित पद्धतीने चढव. लोडर ती खूण पाहतो आणि एलडी लायब्ररी पाथ टाकून देतो. टाकायलाच हवा, नाहीतर कोणीही आपली लायब्ररी रूटच्या प्रोग्राममध्ये घुसवेल. परिणाम काय? लायब्ररी सापडत नाही आणि प्रोग्राम उठायच्या आधीच मरतो.

ॲम्बियंटने हे होत नव्हतं. त्याने हक्क वाढले तरी ती सुरक्षित पद्धत लागू होत नाही. २०१५ मध्ये लिनक्स ४.३ ला हे आलं तेव्हा मी खरंच खूश झालो होतो, कारण त्याआधी साध्या युजरच्या प्रोग्रामला एखादी कॅपॅबिलिटी द्यायची तर फाइलवर चिकटवावी लागायची. नवी फाइल आली की ती गायब. बॅकअपमधून टार फाइल उघडली आणि फाइलला चिकटलेली जादा माहिती आणणारा एक्सॅटरचा पर्याय द्यायचा राहिला की गायब. फाइलचा मालक बदलला की गायब. आणि गायब झाल्याचं कोणी सांगत नाही! माझं लिनक्सशी जुनं भांडण याच गोष्टीवरून आहे. स्क्रिप्टवर सेटयूआयडी लावा, कर्नल मानत नाही, पण बोलतही नाही. नोसूइड माउंटवर बिट लावा, मानत नाही, बोलत नाही. लोडरने पाथ टाकून दिला, तेही मुकाट्याने. निर्णय शंभर टक्के बरोबर आहेत, त्यावर माझा वाद नाही. पण नाकारलंत तर लॉगमध्ये एक ओळ टाका ना बाबांनो! ती ओळ नसते म्हणून असली पोरं अंधारात सीएचमॉड फिरवत सुटतात.

आणि तो फिरवत सुटला. लायब्ररी सापडत नाही असा एरर आला, त्यात परवानगीचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. तरी याने आधी लायब्ऱ्यांच्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, मारलं. काही झालं नाही. मग विचार केला की लायब्ऱ्या यूएसआर या सिस्टिमच्या फोल्डरमध्येही असतात, आणि अख्ख्या यूएसआरवर खालपर्यंत ७७७ मारलं. काय बे हे! तीन आकडी सीएचमॉडने फाइलवरचा सेटयूआयडी बिट पुसला जातो. सुडो गेलं, दुसरा युजर व्हायचं एसयू गेलं, पासवर्ड बदलायचा प्रोग्राम गेला, माउंट गेलं. जिथे बिट नको होता तिथे त्याचा ४७५५ तसाच शाबूत, आणि जिथे हवा तिथे सगळीकडे साफ! पुढच्या कमांडला सुडो म्हणालं की माझा मालक रूट हवा आणि माझ्यावर सेटयूआयडी बिट हवा. त्या क्षणी याने सेशन बंद केलं. मला फोन नाही, मेसेज नाही.

मी घरून लॉगिन केलं तर साधा युजर म्हणून आत, पण रूट व्हायला एकही वाट नाही. रूटचं लॉगिन मी एसएसएचवरून, म्हणजे दुरून, बंद ठेवलंय आणि ते तसंच राहणार. म्हणजे समोरच्या कीबोर्डवर जाऊन बसणं आलं. एप्रिलातली दुपार, जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोड, डांबर वितळतंय. त्यात आमच्याकडे नेमका नळाला पाणी यायचा वार! सोलापुरात पाण्याचा वार चुकणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. टाक्या कोरड्या, घरचे वैतागलेले, आणि मी सर्व्हर रूममध्ये आरपीएम या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रोग्रामला एकेका पॅकेजच्या मूळ परवानग्या परत लावायला सांगतोय. गाडी अर्थातच रिकामी गेली.

हे सेटयूआयडी प्रकरण खेळ नाही. युनिक्सवाल्या डेनिस रिचीची कल्पना, पेटंट १९७९ चं, आणि अतिशय उपयोगी. पण रूटचा बिट असलेल्या प्रत्येक प्रोग्राममधली प्रत्येक चूक ही रूटची चूक असते. सुडोसारख्याच पीकेएक्झेक या प्रोग्राममध्ये २००९ पासून भोक होतं, ते जानेवारी २०२२ मध्ये उघड झालं. मशीनवरचा कोणताही साधा युजर रिकामी आर्ग्युमेंटची यादी देऊन रूट होऊ शकत होता. ती रात्र मी पॅच लावत काढली आहे. जाणत्या लोकांनी लिहिलेला, जगभर वापरात असलेला प्रोग्राम बारा वर्षं तसा राहतो, आणि तुम्ही तुमच्या पॅकिंग स्लिपच्या कोडला तोच बिट लावता?

हे एकट्याचं नाही. प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर चालेना की सगळे हक्क देणारं प्रिव्हिलेज्ड लावा. कॅपॅबिलिटी नेमकी कोणती हवी ते शोधायचा कंटाळा आला की कॅप सिस ॲडमिन द्या, म्हणजे जवळपास रूटच. एकेचाळीस कॅपॅबिलिट्या काढून ठेवल्यात, एक निवडायची तर जिवावर येतं. यूट्यूबवरचे धडे पहिल्या मिनिटाला ७७७ सांगतात आणि खाली शेकडो लोक धन्यवाद लिहितात. एका कॉलेजच्या लॅबमध्ये शेल स्क्रिप्टवर सेटयूआयडी लावून ठेवलेलं पाहिलं होतं. शिकवणाऱ्यांना ते कधीच चालत नव्हतं हेही माहीत नव्हतं.

कालच्या मेलमध्ये शेवटची ओळ होती, पुढच्या अपडेटआधी आम्हाला कायमचा रूट द्या, म्हणजे काम स्मूथ होईल.

मिळणार नाही. मी उत्तर पाठवलंय, मालकांना कॉपी ठेवून. बिट काढलाय, फाइलची मालकी परत केलीय, नो न्यू प्रिव्हिलेजेसची ओळ जागेवर आहे आणि युनिट फाइल आता तुमच्या हाताला लागणार नाही. तुमच्या बटणाला हवी ती प्रिंटरची क्यू, हो ना? ती चालू करायला रूट लागतच नव्हता. कप्स या प्रिंट सर्व्हिसच्या ॲडमिन ग्रुपमध्ये प्रोग्रामचा युजर घातलाय, कप्सएनेबल आणि प्रिंटरचं नाव एवढंच चालवा. कोडमधलं सुडो काढा, मला दाखवा, मग अपडेट चढेल.