"फुलशेती ऑनलाइन शिकता येत नाही" वाल्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज तुमच्याकडे पण आलाच असेल, शेतीच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, खाली "जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा" वगैरे. मजकूर थोडक्यात असा: फुलशेती आणि नर्सरी मातीत हात घातल्याशिवाय येत नाही, जे काही शिकायचंय ते यूट्यूबवर फुकट आहे, ऑनलाइन सर्टिफिकेटला बँकेत कोणी विचारत नाही, परदेशातली माहिती आपल्याकडे चालत नाही, त्यापेक्षा सहा महिने एखाद्या नर्सरीत राबा आणि मालक व्हा. म्हणून ऑनलाइन कोर्स म्हणजे शुद्ध लूट.

मी नर्सरीच्या धंद्यातला माणूस, कोर्स विकत नाही, त्यामुळे यात माझा काही फायदा-तोटा नाही. पण हा मेसेज वाचून आमच्या पाहुण्यांतल्या एका पोराने चांगला चाललेला अभ्यास सोडून दिला म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, मातीत हात. अर्धा मान्य. गुलाबाला डोळा भरणं, म्हणजे चांगल्या जातीचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून कलम करणं, स्क्रीनवर बघून येत नाही, पाचर कलमाचा काप किती तिरका घ्यायचा ते चाकू हातात घेतल्यावरच कळतं, फांदीला झाडावरच मुळं फुटावीत म्हणून गुटी बांधताना साल किती काढायची तेही तसंच. आणि चार रोपं वाया गेल्याशिवाय हात बसतच नाही. पण जरा विचार करा, पॉलीहाऊसवाला, म्हणजे प्लास्टिकच्या शेडमध्ये फुलं घेणारा, बुडतो तो कशामुळे? डोळा नीट भरता येत नाही म्हणून बुडालेला मी तरी कोणी बघितला नाही, त्याला कारागीर मिळतात, नगावर काम करतात. बुडतो तो आकड्यात.

जरबेराचंच घ्या, बुकेत असतं ते लांब दांड्याचं फूल. 10 गुंठे म्हणजे साधारण 1000 चौरस मीटर, चौरस मीटरला 6 रोपं धरली तर 6000 रोपं. रोप समजा 35 रुपयाला पडलं तर नुसत्या रोपांचे 2 लाख 10 हजार, अजून स्ट्रक्चर, लाल माती, बेड, ड्रिप, निर्जंतुकीकरण काही धरलेलं नाही. चौरस मीटरला वर्षाला 200 फुलं मिळाली तर 2 लाख फुलं होतात, ऐकायला झकास वाटतं, पण याचा अर्थ असा की सरासरी दर फक्त एक रुपयाने खाली आला की वर्षाचे 2 लाख गेले! पुण्याच्या गुलटेकडी मार्केटच्या पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) एक रुपया खाली यायला काय लागतं हो, पितृपक्ष लागला की झालं, लग्नाच्या तिथी नसल्या की झालं, आणि वर आता प्लास्टिकची फुलं बसलीच आहेत डोक्यावर. हा हिशोब शिकायला माती लागत नाही. वही, मोबाईल आणि हे नीट क्रमाने समजावणारा कोणीतरी लागतो, तो ऑनलाइन असला म्हणून आकडे बदलत नाहीत.

खताचं पण तेच. कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट (स्फुरदाचं विद्राव्य खत) किंवा मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत घट्ट कालवलं की खाली साका बसतो, तो ड्रिपरमध्ये अडकतो, खत झाडाला मिळत नाही आणि माणूस म्हणतो कंपनीचं खत बोगस. म्हणून ए टाकी आणि बी टाकी वेगळी ठेवतात. हे रसायनशास्त्र आहे, हात कितीही मातीत घातला तरी बोटांना कळणार नाही. पाण्याचा ईसी (विरघळलेले क्षार किती ते), पीएच (आम्लता), कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा न धुता वापरला तर त्यातलं मीठ रोपाचं काय करतं, ही सगळी बसून समजून घ्यायची गोष्ट आहे, आणि दिवसभर कामावर असलेल्या माणसाला बसायला वेळ रात्रीच मिळतो. खिशातला साधा ईसी मीटर घ्या, रात्री जो धडा बघितला तो सकाळी स्वतःच्या पाण्यावर तपासा, झालं तुमचं प्रॅक्टिकल.

बरं, नुसतं डोळ्याने बघून तरी कळतं का? कोलार, होसूर भागात शेवंतीच्या शेतात रात्री दिवे लावलेले असतात. आमच्याकडचे एक काका ते बघून आले आणि सांगत होते की किडे पळवायला लावतात. खरं कारण रात्रीची लांबी. शेवंती लांब रात्र मिळाली की कळी धरते, मध्येच उजेड पाडून रात्र तोडली की झाड वाढत राहतं, दांडा लांब होतो आणि फूल पाहिजे त्या महिन्यात आणता येतं. शेतात जाऊन आले, हाताने बल्ब मोजून आले, तरी कारण कळलं नाही, आणि हेच एखाद्या बऱ्या कोर्समध्ये पंधरा मिनिटांत कळतं.

दुसरा मुद्दा, यूट्यूबवर सगळं फुकट. फुकट माहिती आहेच, तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पोर्टलवर पिकवार लागवडीची माहिती कितीतरी वर्षं फुकट पडलीय, सरकारच्या स्वयम पोर्टलवर पण कृषीचे कोर्स असतात. पण मेसेजवाल्याला ते अपेक्षित नाहीये, त्याला यशोगाथा अपेक्षित आहेत, "10 गुंठ्यात लाखोंची कमाई" छापाच्या. हे व्हिडिओ शूट कधी होतात ते बघा, पीक पूर्ण फुललेलं असताना. मर रोग लागून अर्धा बेड गेला तेव्हा कॅमेरावाला येत नाही. आणि व्हिडिओखाली नंबर कोणाचा असतो, रोपं विकणाऱ्याचा. जरबेराचं रोप लावताना क्राऊन (जिथून पानं फुटतात तो बुंधा) मातीच्या वर ठेवायचा नाहीतर सडतो, फूल कात्रीने कापायचं नाही, दांडा वाकवून उपटायचा कारण राहिलेला तुकडा कुजतो, असल्या बारीक गोष्टी तिथे सापडतात, नाही असं नाही, पण पंचवीस व्हिडिओंत विखुरलेल्या, आणि आधी काय नंतर काय हे सांगणारं कोणी नाही. कोर्सचे पैसे त्या क्रमाचे असतात, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर देणाऱ्या माणसाचे. उत्तर मिळत नसेल तर तो कोर्स घेऊ नका, तिथे मेसेजवाला बरोबर आहे.

सर्टिफिकेटबद्दल फार बोलत नाही. कुठल्यातरी साइटच्या पीडीएफवर बँक लोन देणार नाही, खरंय. अनुदानाला किंवा लोनला कुठलं प्रशिक्षण चालतं ते आधी तालुका कृषी कार्यालयात आणि बँकेत विचारा, तळेगाव दाभाड्याला पॉलीहाऊसचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळतं, तिथे जाऊन या. पण कागद मिळवायला शिकणं आणि पीक जगवायला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीसाठी दुसरी कशाला सोडायची?

परदेशी माहिती चालत नाही म्हणे. नेदरलँड्समध्ये काचघर गरम ठेवायची मारामार आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पॉलीहाऊस थंड ठेवायची, त्यामुळे त्यांचं तापमानाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलणारा फसणारच. पण आपण लावतो त्या जरबेराच्या जाती बहुतेक डच ब्रीडरांच्याच, म्हणजे तिकडे नव्या जाती तयार करणाऱ्यांच्याच की! रोपं पुण्याजवळच्या लॅबमध्ये तयार होतात, जात तिकडची. जात चालते, माहिती नाही चालत, हे कसं काय बुवा? खताचा साका ॲमस्टरडॅमला बसतो तसा आटपाडीलाही बसतो.

आता शेवटचा, सहा महिने राबा. हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो कारण तो ऐकायला कष्टाळू वाटतो. पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांच्या पट्ट्यात जाऊन खरंच राबा, मी नको म्हणत नाही, पिशव्या भरणं, पाणी देणं, गाडी भरताना रोप कसं धरायचं, गिऱ्हाईकाशी बोलणं हे सगळं तिथेच येतं. पण मालक तुम्हाला वही दाखवणार आहे का? कुठल्या लँडस्केप कॉन्ट्रॅक्टरकडे किती उधारी अडकलीय, मातृवृक्ष (ज्यांच्या काड्या कलमाला घेतात ती झाडं) कुठून आणले, कुठल्या महिन्यात कुठलं रोप तयार पाहिजे हे तो उद्याच्या स्पर्धकाला का सांगेल? फळझाडांची कलमं करून विकायची तर परवाना लागतो, राज्याचा फळरोपवाटिकांचा कायदा 1969 चा आहे, संरक्षित जातीची, म्हणजे ब्रीडरने हक्क नोंदवलेल्या जातीची रोपं ब्रीडरला न विचारता वाढवून विकता येत नाहीत, हे पिशव्या भरताना कोणी सांगत नाही.

शिवाय सहा महिन्यांत एकच हंगाम दिसतो. झेंडूचं बघा, 2025 ला दसरा 2 ऑक्टोबरला होता, 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे 20 ऑक्टोबरला. संकरित झेंडू लावल्यापासून पहिल्या तोड्याला साधारण दोन महिने धरले तर एका वर्षी ऑगस्ट लागायच्या आत रोप शेतात पाहिजे, दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या मध्यावर, आणि नर्सरीवाल्याने ट्रे त्याच्याही आधी तीन-चार आठवडे भरायला हवेत. ज्याने 2025 चा हंगाम राबून तीच तारीख डोक्यात पक्की केली त्याचा झेंडू पुढच्या वर्षी पितृपक्षात फुलणार, आणि पितृपक्षात झेंडूला दर काय असतो ते दादरच्या फूलमार्केटला जाऊन विचारा.

मुळात "एकतर ऑनलाइन, नाहीतर माती" हे भांडणच मेसेजवाल्याने तयार केलंय. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे उद्यानविद्येचे पदविका अभ्यासक्रम कितीतरी वर्षं असेच चालतात, पुस्तक मराठीत, घरी बसून वाचायचं, प्रात्यक्षिकाला अभ्यासकेंद्रावर जायचं. तेव्हा कोणी त्याला लूट म्हटलं नव्हतं. त्या पोराला मी हेच सांगितलं, राहिलेले धडे रात्री पुरे कर, आणि रविवारी आमच्याकडे ये, डोळा भरायला मी शिकवतो.