जॅकचा बझर: एका हरकतीला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मोटरहोमचे लेव्हलिंग जॅक, म्हणजे उभी गाडी समपातळीत ठेवणारे ऑइलच्या दाबावरचे पाय, वर घेतल्यानंतरही ‘जॅक खाली आहे’ असा इशारा देणारा बझर वाजत राहिला तर काय तपासावे, या माझ्या लेखावर आपण हरकत घेतली आहे. जॅक वर गेला की नाही हे बझरला कळवणाऱ्या स्विचचा कनेक्टर काढून पाहण्याचा सल्ला धोक्याचा आहे, सुरुवात ऑइल भरण्यापासून व्हायला हवी होती, आणि काळ्या मातीचा मी उगाच बाऊ केला आहे, असे आपले म्हणणे आहे.

कनेक्टरबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि तोही आपण दिलेल्या कारणापेक्षा मोठ्या कारणासाठी. बझर जॅककडे पाहत नाही, तो फक्त स्विचकडे पाहतो. काही गाड्यांत जॅक पूर्ण वर गेला की स्विचचे सर्किट जोडले जाते, तर काहींत ते सुटते. पहिल्या प्रकारात कनेक्टर काढला तर बझर वाजतच राहील आणि त्यातून स्विचबद्दल काहीच कळणार नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र जॅक खाली लोंबकळत असला तरी बझर गप्प होईल, आणि ड्रायव्हर निर्धास्तपणे गाडी रस्त्यावर काढील. माझ्या हातातली गाडी दुसऱ्या प्रकारची असल्याने मी तोच नियम सगळ्यांना लावला, ही चूक माझी. आता लेखात दुरुस्ती केली आहे: आधी चारही जॅक डोळ्यांनी पाहावेत, मग गाडीचे वायरिंग कोणत्या प्रकारचे आहे ते पाहून मल्टिमीटर लावावा. एक गोष्ट मात्र लेखात पहिल्यापासून होती आणि ती आपल्या नजरेतून सुटली असावी: जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

ऑइलबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. स्प्रिंगने वर येणाऱ्या जॅकमध्ये ऑइलचा दाब जॅक खाली ढकलतो, वर ओढण्याचे काम स्प्रिंग करते. त्यामुळे ऑइल कमी असेल तर त्रास जॅक खाली जाताना दिसतो: पंप घरघरतो आणि एखादा जॅक जमिनीपर्यंत पोहोचत नाही. वर न येणाऱ्या जॅकचा दोष सहसा ऑइलच्या कमतरतेत नसतो. शिवाय जॅक खाली असताना बरेचसे ऑइल सिलिंडरमध्ये असते आणि टाकी रिकामी दिसते. तेव्हा ती भरली, तर जॅक वर घेताना परत येणारे ऑइल झाकणातून बाहेर सांडते. पातळी पाहायची ती चारही जॅक वर असताना. आपल्या गाडीचे जॅक दोन्ही दिशांना ऑइलच्याच दाबावर चालत असतील, तर मात्र आपला मुद्दा लागू पडतो.

आता काळ्या मातीविषयी. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी पांढरकवड्याच्या अलीकडे पांदणीच्या तोंडाशी, कपाशीच्या वावराच्या धुऱ्याला लागून आम्ही रात्रभर गाडी उभी केली होती. वर कोरडी दिसणारी जमीन आत ओली होती, आणि मी आळसाने जॅकखाली बाभळीच्या फळ्या ठेवल्या नव्हत्या. सकाळी निघताना बझर थांबेना. लेखात सांगितले तेच मीही केले, म्हणजे स्विचवर संशय घेतला. पण वाकून पाहिले तर मागच्या डाव्या जॅकचे पाऊल मातीत रुतलेले होते आणि दांडा वीतभर बाहेर होता. ओल्या काळ्या मातीने पाऊल असे धरून ठेवले होते की स्प्रिंगला ते सुटेना. कुदळीने कडेची माती मोकळी केल्यावर पाऊल सुटले, पण जॅक चार बोटे खाली अडकलाच. दांड्यावर मातीचा थर वाळून खरवडीसारखा कडक झाला होता. तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडला असता तर दांड्यावर चरे पडून सील गेले असते, म्हणून ओले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवले, मग पुसले. त्यानंतर जॅक आपसूक वर गेला आणि बझर थांबला. बझर सकाळपासून खरेच सांगत होता. माझाच त्याच्यावर विश्वास नव्हता. मुरमाड जमिनीवर गाडी लावणाऱ्याला हा बाऊ वाटेल, हे मी समजू शकतो.

आपल्या गाडीत प्रत्येक जॅकसाठी वेगळा दिवा आहे की चौघांना मिळून एकच, आणि बझर इग्निशन चालू करताच वाजतो की हँडब्रेक सोडल्यावर, एवढे कळवावे. त्यावरून कुठला स्विच आधी तपासायचा ते सांगता येईल.