अँटिबॉडी रक्तावर चालली म्हणजे सगळीकडे चालली?

सध्या एक सल्ला फिरतोय: माणूस आणि ऱ्हीसस माकडाचा डीएनए ९३ टक्के सारखा, तेव्हा फ्लो सायटोमेट्रीत (पेशींना चमकत्या अँटिबॉडी लावून त्या एकेक करून मोजण्याच्या तंत्रात) माणसासाठीच्या अँटिबॉडी माकडाच्या पेशींवर बिनदिक्कत वापरा, रक्तावर एकदा तपासलं की सगळ्या ऊतींचं काम झालं. प्रयोगशाळेतल्या नव्या विद्यार्थिनीने त्यावरूनच पॅनेल, म्हणजे एकत्र वापरायच्या अँटिबॉडींचा संच, बांधलं, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

९३ टक्के खरं आहे, २००७च्या जीनोमवाचनातलं. पण अँटिबॉडी धरते ती प्रथिनावरची मोजकी अमिनो आम्लं. त्यातलं एखादं बदललं तरी पकड सुटू शकते. सीडी३ हे टी पेशींवरचं ओळखचिन्ह-प्रथिन (सीडी आणि आकडा ही अशा प्रथिनांची नावं). त्याविरुद्धच्या अँटिबॉडीचा यूसीएचटी१ क्लोन, म्हणजे विशिष्ट वाण, ऱ्हीससच्या टी पेशींना चिकटत नाही, एसपी३४-२ चिकटतो. चुकीचा क्लोन घेतला तर आलेख रिकामा दिसतो आणि टी पेशीच नाहीत असं वाटतं.

त्याहून घातक सीडी५६. इथे अँटिबॉडी नीट चिकटते, डाग सुरेख दिसतो, आणि तरीही उत्तर चुकतं. माणसात सीडी५६ एनके पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी) ओळखायला वापरतात; ऱ्हीससच्या रक्तात ते मोनोसाइट या वेगळ्याच पांढऱ्या पेशींवर सापडतं आणि बहुतेक एनके पेशींवर नसतं. म्हणजे सीडी३ नाही, सीडी५६ आहे असा गेट (पेशी निवडायची चौकट) लावला की मोनोसाइट मोजले जातात. एनके पेशींसाठी सीडी३, सीडी१४, सीडी२० असलेल्या पेशी वगळा आणि उरलेल्यांतून सीडी८ अल्फा व एनकेजी२ए ही दोन्ही प्रथिनं असलेल्या पेशी घ्या; एनकेजी२एसाठी झेड१९९ क्लोन चालतो.

हो, बरेच क्लोन दोन्हीकडे चालतात: सीडी१६चा ३जी८, सीडी१४चा एम५ई२, सीडी२०चा २एच७. पण ते कुणीतरी तपासलं म्हणून माहीत आहे. एनआयएच या अमेरिकी आरोग्यसंशोधन संस्थेच्या निधीवरच्या नॉनह्यूमन प्रायमेट रीएजंट रिसोर्सच्या यादीत क्लोन आणि प्रजाती दोन्ही जुळवून बघा. ऱ्हीससची नोंद मार्मोसेट या दुसऱ्या माकडाला लावू नका.

राहिल्या ऊती. आतडं, त्वचा, फुप्फुस सुटं करताना वापरलेलं ट्रिप्सिन किंवा डिस्पेज हे एन्झाइम काही पृष्ठप्रथिनं कापतं. त्याच प्राण्याच्या रक्तपेशींचा एक भाग त्याच एन्झाइममध्ये, तितकाच वेळ, त्याच तापमानाला ठेवा, दुसरा तसाच राहू द्या, आणि दोन्ही वेगळ्या नळ्यांत, एकाच वेळी रंगवा. पहिल्यात सिग्नल घटला तर दोष अँटिबॉडीचा नाही. फुप्फुसातले मॅक्रोफेज स्वतःच चमकतात, विशेषतः एफआयटीसी या हिरव्या रंगद्रव्याच्या पट्ट्यात, म्हणून न रंगवलेली नळी त्याच ऊतीची हवी. मृत पेशी ओळखणारा रंग आणि एफसी ब्लॉक (अँटिबॉडी शेपटीकडून भलतीकडे चिकटू नये म्हणूनचं द्रावण) वगळू नका. मात्राही ऊतीगणिक ठरवा: पेशींची संख्या आणि आकारमान तेच ठेवून अँटिबॉडी निम्मी-निम्मी करत आठ नळ्या लावा, आणि धन-ऋण (प्रथिन असलेल्या-नसलेल्या) पेशींतलं अंतर जिथे सर्वांत स्वच्छ दिसेल ती मात्रा घ्या. सगळ्यात उजळ नळी बहुतेकदा ती नसते, कारण तिथे ऋण पेशीही वर सरकलेल्या असतात.