‘इतिहासानं निकाल दिला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या चतुर्थीपासून एक लांबलचक मजकूर आमच्या गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. भावकीच्या ग्रुपवर आला, नाटकवाल्यांच्या ग्रुपवर आला, शाळेच्या जुन्या बॅचवर तर तीनदा आला. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, फक्त ‘पुढे पाठवा’. म्हणणं थोडक्यात असं: जो प्रयत्न फसला तो मुळातच चुकीचा होता, इतिहास हाच न्यायाधीश. दाखले चार. पोर्तुगीजांनी कोकणी बंद करायला बघितली आणि फसले, कारण कोकणी अमर आहे. 1967 चा ओपिनियन पोल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरचं मतदान) आणि 1987 चा राजभाषा कायदा, दोन्हीकडे मराठी हरली, म्हणजे ती गोव्यात परकी. ठरवून बनवलेले शब्द आणि भाषा कधी टिकत नाहीत. आणि तत्त्वज्ञान अडीच हजार वर्षं फसतच आलंय, त्यात वेळ कशाला घालवा?

मी घरी कोकणी बोलतो आणि लिहितो मराठीत. फोंडा तालुक्यात अशी माणसं घरटी एक सापडतील. म्हणून हे उत्तर.

‘पोर्तुगीजांचं फर्मान फसलं, कारण कोकणी अमर’

फर्मान खरं आहे. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी हुकूम काढला की इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायची. तीन वर्षांत! अख्ख्या मुलखाला नवी भाषा बोलायला लावायची तर केवढे मास्तर लागले असते, याचा हिशेब कुणी केला असेल असं वाटत नाही.

पण फॉरवर्डवाल्यानं एक वर्ष मागं जाऊन बघायला हवं होतं. 1683 च्या शेवटी संभाजीराजांची फौज जुन्या गोव्याच्या तोंडाशी आली होती. त्या धावपळीत हाच व्हाइसरॉय सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी गेला आणि आपला राजदंड तिथं ठेवून ‘आता तूच राख’ म्हणून विनवत बसला. पुढच्या वर्षी भाषेवर फर्मान. माझ्या मते ते फर्मान व्याकरणाच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचायचं नाही, त्या राजदंडाशेजारी ठेवून वाचायचं. घाबरलेल्या राज्यकर्त्याला रयत आपसांत काय बोलते ते कळेनासं झालं की तो रयतेची भाषाच बंद करायला निघतो. याच राज्यात अडुसष्ट वर्षांआधी, 1616 मध्ये, राशोलला फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण मराठीत छापून निघालं होतं, आणि त्याच माणसानं केलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मरणानंतर 1640 मध्ये तिथंच छापलं गेलं. म्हणजे लोकांच्या भाषेत शिरायचं धोरण राज्यकर्त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते सोडून दिलं गेलं.

आणि ‘अमर’? धर्मांतर, इन्क्विझिशन आणि असल्या हुकुमांच्या काळात माणसं कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगली. आज कोकणी देवनागरीत, रोमीत म्हणजे रोमन लिपीत, कन्नडमध्ये, मल्याळममध्ये लिहिली जाते आणि एका लिपीतला वाचक दुसरीतलं पुस्तक उघडू शकत नाही. फर्मान फसलं हे खरं, पण त्याची किंमत वाचकांनी मोजली. उलट पोर्तुगीज भाषेला हुकमानं जे जमलं नाही ते बाजारानं न सांगता करून टाकलं: पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, घमेलं, बिजागरी. पुण्यातला माणूससुद्धा पगाराची वाट बघताना पोर्तुगीज बोलत असतो, बिचाऱ्याला माहीत नसतं.

‘1967 मध्ये गोमंतकीयांनी मराठी फेटाळली’

हा मजकुराचा गाभा आहे, तेव्हा इथं जरा थांबतो.

16 जानेवारी 1967. मतपत्रिकेवर दोन खुणा: महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळा संघप्रदेश राहायचं तर दोन पानं. मतं पडली 3,17,633. दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021. ‘मराठी’ हा शब्द त्या मतपत्रिकेवर कुठंही नव्हता.

आता त्याच वर्षीचा मार्च महिना बघा. विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं फुलासाठी रान उठवलं होतं त्यालाच लोकांनी 30 पैकी 16 जागा दिल्या. 1963 मध्ये याच पक्षाला 14 मिळाल्या होत्या, म्हणजे हरल्यावर दोन वाढल्या. पोल निःपक्ष व्हावा म्हणून राजीनामा दिलेले भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत ‘तुमचं ऐकत नाही’ म्हणणारे लोक मार्चमध्ये ‘राज्य मात्र तुम्हीच करा’ म्हणाले. इतिहास न्यायाधीश असेल तर त्यानं त्या साली दोन निकालपत्रं लिहिली, आणि फॉरवर्डवाल्यानं पहिलं वाचून फाइल मिटली.

मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे पुढचं आईकडून ऐकलेलं. आमच्या वाटेवरच्या चिऱ्याच्या गडग्यावर कुणीतरी चुन्यानं फूल काढलं. दोन दिवसांनी त्याच फुलाच्या देठाला कुणीतरी दोन पानं जोडली. चित्र म्हणून ते उलट जास्त बरं दिसायला लागलं, असं आई सांगायची. आजोबांनी फुलावर शिक्का मारला, मामानं पानांवर, आणि दोघं दुपारी आमच्याच सोप्यावर पेज जेवायला बसले. आजोबा मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर, भाटकाराच्या नारळाला हात लावायची सोय नाही. त्यांना पंढरपूर ठाऊक होतं, मुंबई ऐकून ठाऊक होती, पण फूल त्यांनी निवडलं ते ‘थंय कूळकायदो आसा’ म्हणून. तिकडे कूळकायदा आहे. बस्स. मामाचं म्हणणं, एकदा मुंबईत विरघळलो की आपल्या तक्रारीचा कागद सावंतवाडीच्या पुढं सरकणार नाही. दोघांच्या बोलण्यात मराठीचा विषयच नव्हता, कारण दोघंही संध्याकाळी एकाच देवळात तुकारामाचे अभंग म्हणत होते.

गंमत अशी की आजोबांचं कारण बांदोडकरांनीच आधी अर्धं संपवून टाकलं होतं. गोव्याचा स्वतःचा कूळकायदा 1964 मध्ये याच विधानसभेत झाला. जे मिळवायला मुंबईला जायचं ते पणजीत मिळतंय असं दिसल्यावर फुलाची काही मतं गळली असणार. हा माझा अंदाज आहे, आकडा नव्हे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. विलीनीकरणाविरुद्धची लेखणीची लढाई कोणत्या भाषेत झाली? मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक त्या बाजूचं मुख्य हत्यार होतं. ते मराठी दैनिक होतं. उदय भेंब्रे त्यात ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत, तेही मराठीतच. महाराष्ट्रात जाऊ नका हे गोव्यातल्या हिंदू मतदाराला पटवायचं तर मराठीतच पटवावं लागत होतं. मराठी परकी असती तर ब्रह्मास्त्र सुटलंच नसतं.

मग फसलं ते काय? एका फुलात तीन गोष्टी बांधल्या होत्या: जमीन, भाषा आणि प्रशासन. लोकांनी गाठ सोडली आणि तिन्हींना वेगवेगळं उत्तर दिलं. कूळकायदा हवा, मराठी शाळा हव्यात, मुंबईचा कारभार नको. बांदोडकरांच्या काळात गावोगाव उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा पोलनंतर कुणी बंद केल्या नाहीत. मी त्यातल्याच एकीत शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलो.

‘1987 नं शिक्कामोर्तब केलं’

इथं मजकुरात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. ‘कोकणी ही मराठीची बोली’ हा आमच्या बाजूचा युक्तिवाद फसला, आणि फसायलाच हवा होता. तो भाषाशास्त्र कमी आणि जमिनीचा सर्व्हे जास्त होता. आमचे बाबा जन्मभर हा सिद्धान्त मांडत राहिले, आणि कायम अस्खलित कोकणीत. साहित्य अकादमीनं 1975 मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं तेव्हा त्यांनी आठवडाभर रेडिओ लावला नाही.

पण 4 फेब्रुवारी 1987 चा कायदा वाचलाय का कुणी? देवनागरी कोकणी राजभाषा, आणि शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर. रोमी बाहेर. तडजोड आहे ही, आणि तिच्यासाठी आदल्या डिसेंबरात रस्त्यावर माणसं मेली होती. यात मराठी हरली म्हणायचं तर रोमी कोकणीला काय झालं म्हणायचं?

मधे घराच्या घरपट्टीसंबंधी एका सरकारी कचेरीत मी मराठीत अर्ज दिला. शेजाऱ्यानं त्याच कामासाठी मुद्दाम कोकणीत दिला, आमची पैज लागली होती. तीन आठवड्यांनी दोघांनाही एकाच साच्याचं उत्तर आलं, इंग्रजीत, आणि दोघांच्याही नावाचं स्पेलिंग चुकलेलं. पैजेची सोडा-लेमन दोघांनी अर्धी अर्धी प्यायली. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा मराठीवाले आणि कोकणीवाले एका मांडवात बसलेले मी पाहिलेत. पंचवीस वर्षं आधी बसले असते तर, असं तिथल्या एका म्हाताऱ्यानं म्हटलं आणि चहा मागवला.

‘ठरवून बनवलेले शब्द टिकत नाहीत’

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय: पेशव्याला मुख्य प्रधान, सुरनिसाला सचिव, वाकनिसाला मंत्री, सरनोबताला सेनापती. पुढं काय झालं? शंभर वर्षांत मराठी राज्य ज्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं ते पेशवे. मुख्य प्रधान कागदावर आणि शिक्क्यात उरले. प्रयत्न फसला, नोंद करा.

आता पर्वरीच्या सचिवालयात जा. आत सचिव आहेत, मंत्री आहेत. हे शब्द थेट त्या कोशातून चालत आले असं नाही, संस्कृतातून ते पुन्हा उचलले गेले. पण तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाच हात मारून बघितला होता, आणि तो का हुकला तेही कळतं: शब्द नवा होता, हिशेब लिहिणारा कारकून जुना होता. कारकून बदलला तेव्हा शब्द बसला.

कृत्रिम भाषांची गोष्टही ‘कृत्रिम होत्या म्हणून मेल्या’ इतकी सरळ नाही. श्लायर नावाच्या जर्मन पाद्र्यानं 1880 च्या सुमारास वोलाप्यूक काढली. 1889 मध्ये पॅरिसला तिची परिषद भरली आणि कामकाज त्याच भाषेत चाललं, म्हणजे माणसं ती बोलत होती. मोडली ती यावर, की सुधारणांवर शेवटचा शब्द माझाच असं श्लायर धरून बसला. आमच्या भाषावादांतली काही माणसं डोळ्यांपुढं आली, नावं घेत नाही.

‘तत्त्वज्ञान फसतच आलंय’

यावर एकच गोमंतकीय माणूस पुरे. सांखवाळला 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून 1899 मध्ये घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत नेपाळला गेले, की तिथं बौद्ध धर्म जिवंत असेल. तिथं जे दिसलं त्यानं निराश झाले. प्रवास फुकट गेला म्हणायचा तर तिथंच म्हणायचा. पण नेपाळ फसलं म्हणूनच ते बोधगयेला आले, तिथून वाट श्रीलंकेकडे वळली आणि पाली हाती लागली. नेपाळात थोडंफार काही मिळालं असतं तर त्यावरच समाधान मानून परतले असते कदाचित.

लांबचं उदाहरण हवं तर फ्रेगे हा जर्मन तर्कशास्त्रज्ञ. अंकगणित सगळं तर्कावर उभं करायचं म्हणून त्यानं आयुष्य घातलं. त्यावरच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात असताना, जून 1902 मध्ये, रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाचं पत्र आलं. पत्रातला पेच गावच्या भाषेत असा: ज्या याद्यांत त्यांचं स्वतःचं नाव नाही अशा सगळ्या याद्यांची एक यादी करा, आता तिचं नाव तिच्यात घालायचं की नाही? घातलं तर चूक, नाही घातलं तरी चूक. फ्रेगेनं पुस्तक मागं घेतलं नाही. परिशिष्ट जोडून आपला पाया कुठं खचला ते स्वतःच लिहिलं आणि 1903 मध्ये खंड बाहेर आला. आपल्या कुठल्या पक्षानं पराभवानंतर असं परिशिष्ट छापल्याचं मला आठवत नाही.

सध्या देवळाच्या अग्रशाळेत जत्रेच्या नाटकाची तालीम चालू आहे. ऐतिहासिक आहे, मराठी. औरंगजेब झालेला पोरगा दिवसा ट्रक चालवतो. काल ‘आम्ही दख्खन जिंकूच’ हे वाक्य तो चौथ्यांदा चुकला तेव्हा दिग्दर्शक खालून ओरडला, ‘आवाज वयर काड रे, बादशहा तूं!’ पाचव्यांदा बरोबर म्हटलं.

हे सगळं लिहून मी फॉरवर्ड पाठवणाऱ्या चुलतभावाला धाडलं. त्यानं ते वाचलं की नाही ठाऊक नाही. रात्री साडेअकराला उत्तर आलं: ‘फाल्यां (उद्या) तालमीक येता मरे?’