तिकीट खिडकीवरचं आकाश

मी पाचवीत असताना बाबा मला पहिल्यांदा बोरीबंदरला घेऊन गेले. ते शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायचे. आई व्हीटी म्हणते, मी सीएसएमटी, म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. त्यांना तिमाही पास काढायचा होता. लोकलच्या तिकिटांच्या त्या दालनात रांगेत उभे असताना त्यांनी माझी हनुवटी धरून मान वर केली. छतावर सोनेरी तारे होते. म्हणून त्या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. खाली पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचे खांब, इटालियन संगमरवर, कमानींवर कोरलेली पानं आणि पक्षी. आणि या सगळ्याच्या मधोमध डोंबिवलीचा पास काढणारे आम्ही.

त्या दिवसापासून मला ही इमारत आपली वाटते, आणि तिला सरसकट ‘इंग्रजांनी दिलेली भेट’ म्हटलं की राग येतो. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, हे खरंच, आणि त्यांचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं. 1878 साली काम सुरू झालं तेव्हा हा माणूस जेमतेम तिशीचा होता. 1888 साली ते पूर्ण झालं, खर्च सुमारे 16 लाख 14 हजार रुपये. पण स्टीव्हन्स यांच्यासोबत सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन होते, ही नावं किती जणांना ठाऊक आहेत? नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. शैली व्हिक्टोरियन गॉथिक खरी, पण दगडातले मोर, माकडं, पानं कोरणाऱ्यांनी ती इथेच डोळ्यांनी पाहिली होती.

दर्शनी भिंतीवर नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे चेहरे कोरलेले आहेत. रेल्वे मुंबईत यावी म्हणून नाना 1840 च्या दशकापासून खटपट करत होते. 16 एप्रिल 1853 ला याच बोरीबंदरहून 14 डब्यांची गाडी ठाण्याला निघाली, तो दिवस त्यांनी पाहिला. ही इमारत मात्र नाही. 1865 मध्येच ते गेले.

घुमटाखालचा जिना कधी पाहायला मिळाला तर सोडू नका. प्रत्येक दगडी पायरी एका बाजूने भिंतीत रोवलेली आणि दुसरी बाजू अधांतरी. खालून आधार नाही. वर अष्टकोनी घुमट, त्याच्या टोकावर ‘प्रगती’ची मूर्ती, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. घड्याळाखालच्या कोनाड्यात पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला, आणि कोनाडा रिकामाच राहिला. मला तो रिकामाच आवडतो.

2004 साली युनेस्कोने जागतिक वारशात नाव घेतलं, आनंदच झाला. पण 2018 च्या सुमारास इथलं मध्य रेल्वेचं मुख्यालय हलवून इमारतीचं संग्रहालय करायची कल्पना पुढे आली, तेव्हा पोटात गोळा आला होता. जुन्या वस्तूंचं दालन असावं, जरूर असावं. पण या वास्तूचं मोठेपण असं की तिच्यात फायली हलतात, घोषणा होतात, 18 फलाटांवरून माणसं ये-जा करतात. नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याच्या त्या रात्री इथे 58 माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी इथून गाड्या सुटल्या आणि लोक त्यात बसले. त्या फलाटावरून जाताना माझे पाय आजही एक क्षण अडखळतात. अशी जागा दोरी लावून, लांबून बघण्यासाठी नसते.

आणि आता ती दोरी आपणच लावून घेतोय. तिकीट मोबाईलवर, पास मोबाईलवर. गाडीतून उतरायचं, सबवेत शिरायचं, ऑफिस गाठायचं. रात्रीच्या रोषणाईचा फोटो रस्त्यापलीकडून काढतो, पण तारे असलेल्या त्या दालनात मी स्वतः गेल्या दोन वर्षांत गेले नव्हते. गेल्या आठवड्यात फोनची बॅटरी संपली म्हणून खिडकीवर गेले. पुढे एक आजोबा सुटे पैसे मोजत होते. रांग थांबली, आणि माझी मान आपोआप वर गेली.

या रविवारी लेकीला नेणार आहे. ती पाचवीतच आहे. तिकीट खिडकीवरच काढायचं, पुढच्याच मशीद स्टेशनचं रिटर्न.