गरीबपूरची लढाई: तारीख आणि रणगाडे, दोन्ही चुकीचे

“३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पुकारल्यावर गरीबपूरमध्ये भारतीय टी-५५ रणगाड्यांनी पाकिस्तानी पॅटनचा धुव्वा उडवला” असा मजकूर फिरतोय. लढाई खरी, विजयही खरा. बाकी तपशील चुकीचा आहे.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) जेसोर भागातल्या या छोट्या गावासाठीची लढाई २१ नोव्हेंबरची, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या बारा दिवस आधीची. आपल्या बाजूला १४ पंजाब ही पायदळाची पलटण आणि ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ रणगाडे होते. पीटी-७६ पाण्यात तरंगणारा, हलका आणि पातळ चिलखताचा. समोर पॅटन नव्हते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले शॅफी हे हलके अमेरिकी रणगाडे होते. पहाटेच्या धुक्यात पाकिस्तानी ब्रिगेड चालून आली, तेव्हा मोर्चे खोदून बसलेले पायदळ आणि हे हलके रणगाडे खांद्याला खांदा लावून लढले. आपल्या रणगाड्यांच्या स्क्वाड्रनचे (तुकडीचे) प्रमुख मेजर दलजितसिंग नारंग यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. पॅटनच्या गोष्टीत त्यांचे नावही नसते, याचे फार वाईट वाटते.

याच भागातली बोयऱ्याची हवाई चकमक, म्हणजे भारतीय आणि पाकिस्तानी लढाऊ विमानांची झुंज, दुसऱ्या दिवशीची, २२ नोव्हेंबरची. तीही याच मजकुरात ३ डिसेंबरला ढकललेली आहे. पुढे पाठवण्याआधी तारखा आणि रणगाडे तेवढे दुरुस्त करा.